वेबसाइटला दिलेला राजीनामा

माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या हातात एक किल्ली द्यावी आणि आठ दिवसांनी परत मागावी. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी एकतीस वर्षं दुसरं काही केलं नाही. किल्ली नेताना जो दोनदा "लगेच आणून देतो हं" म्हणतो, त्याच्याकडे तिसऱ्या दिवशी माणूस पाठवावा लागतो. जो काही न बोलता सही करतो, तो वेळेवर परत आणतो. आणि जो "का हो, माझ्यावर विश्वास नाही का?" असं विचारतो, त्याला किल्ली देऊच नये. निवृत्त झाल्यावर हे तिसरं कलम मी वाचनालयात सगळ्यांना ऐकवत राहिलो, पण पाळायला विसरलो. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

आमच्या वाचनालयाच्या दोन खोल्या आहेत, पहिल्या मजल्यावर. खोल्या पालिकेच्या, कपाटं देणगीतली, पुस्तकं दोन हजार एकशे चाळीस आणि पंखे तीन. त्यांतला एक फिरतो. एक दिवस पालिकेचं पत्र आलं. मान्यताप्राप्त वाचनालयांनी महिन्याभरात आपली वेबसाइट करावी, तीवर उघडण्याच्या वेळा, पुस्तकांची संपूर्ण यादी आणि कार्यकारिणी असावी, महिनाअखेरच्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तपासनीस बाई येऊन पाहतील. वेबसाइट नसली किंवा अर्धवट असली तर मान्यता जाणार. आणि मान्यता गेली की खोल्या जाणार.

खोल्या कुणाला जाणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं. खालच्या व्यायामशाळेचा मालक पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन वर आला आणि कपाटांच्या मागची भिंत मोजू लागला. "आरसे लावायचेत," तो म्हणाला. "तुमचं चालू द्या. मी फक्त माप घेतोय." जिवंत माणसाच्या पलंगाचं माप घ्यावं, तसं त्याने ते घेतलं.

कार्यकारिणीची सभा बसली. सभा बसली म्हणजे आम्ही चौघे बसलो. अध्यक्ष सर, हे निवृत्त मुख्याध्यापक. समोरच्या माणसाला अजूनही ते इयत्ता पाचवीचा समजतात. चिटणीस वकीलसाहेब, ज्यांनी जन्मात एकही वाक्य 'परंतु'शिवाय पूर्ण केलेलं नाही. सदस्य कवी, जे पोटासाठी गुरांचे डॉक्टर आहेत, पण तसं म्हटलेलं त्यांना चालत नाही. आणि मी.

"वेबसाइट कोण करणार?" सरांनी विचारलं. तिघेही छताकडे बघू लागले. छतावर न फिरणारे दोन पंखे होते, त्यामुळे बघायला भरपूर वाव होता.

"मी करतो," मी म्हणालो.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुम्हाला मोबाईलवर फोटो पाठवता येत नाही. मागच्या महिन्यात माझ्या आत्याला तुम्ही गॅसचं बिल पाठवलंत, आणि तिने 'छान दिसताय' असं उत्तर दिलं."

"तो वेगळा विषय आहे."

"असेल," ही म्हणाली. तिने 'असेल' म्हटलं की विषय संपत नाही, फक्त पुढच्या वेळेसाठी बाजूला ठेवला जातो.

वेबसाइट करण्याचं एक तयार सॉफ्टवेअर मिळालं. पालिकेनेच त्याची शिफारस केली होती. वाचनालयातल्या संगणकावर पहिल्या दिवशी बसलो तर त्याने पहिला प्रश्न विचारला: मोबाईल नंबर. माझा मोबाईल घरी चार्जिंगला. मावशी फरशी पुसत होत्या. मावशी म्हणजे वाचनालय उघडणाऱ्या, झाडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या बाई; कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात फडकं.

"मावशी, तुमचा नंबर देऊ का जरा? एक आकडा येईल, तो सांगा."

"द्या," मावशी म्हणाल्या. आकडा आला, मी टाकला, खातं उघडलं. सॉफ्टवेअरने खात्याचं नाव विचारलं, मी 'वाचनालय' लिहिलं. दुसऱ्या दिवशी स्वतःचा मोबाईल आणून तेवढ्याच अधिकारांचं माझ्या नावाचं वेगळं खातं केलं आणि कामाला लागलो. सवयीप्रमाणे निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत दोन्ही नोंदी केल्या. कारखान्यात असताना ही वही किल्ल्यांची होती. मागची साठ पानं कोरी राहिली होती आणि कोरं पान बघून मला झोप येत नाही.

पुढचे पंधरा दिवस मी पुस्तकं टंकत होतो. दोन हजार एकशे चाळीस. नाव, लेखक, कपाट, खण. एका बोटाने. त्या बोटाला पुढे वहिवाटीने वेगळा चहा मिळू लागला, ही कप पुढे करून म्हणायची, "घ्या, तुमच्या कर्मचाऱ्याला द्या." ती चेष्टा होती, पण मी चहा घेतला.

यादी पूर्ण झाली, आणि मी जाहीर केलं की आता वेबसाइटवर कार्यकारिणीचीही खाती होतील. हे बोलायला नको होतं. पण माणसाला केलेलं काम दाखवायची हौस असते, आणि दाखवायला दरवाजा उघडावा लागतो.

या सॉफ्टवेअरमध्ये पाच पायऱ्या आहेत. सगळ्यांत वर प्रशासक. तो काहीही करू शकतो, दुसऱ्याला चढवू-उतरवूसुद्धा शकतो. त्याखाली संपादक, तो कुणाचंही लिखाण सुधारू शकतो. मग लेखक, तो आपलं लिहितो आणि प्रसिद्ध करतो. मग योगदानकर्ता, तो लिहितो, पण प्रसिद्ध करायला वरच्याची परवानगी लागते. आणि तळाशी वाचक, जो फक्त वाचतो. कारखान्यात असंच होतं. मुख्य दरवाजाची किल्ली एकाकडे, गोदामाची दोघांकडे, हत्यारांच्या पेटीची कारागिराकडे, आणि बाकीच्यांना खिडकीतून बघायची मुभा. म्हणून मला वाटलं, हे तर आपल्या हातचं काम.

सरांना मी संपादक केलं. सर संध्याकाळी चप्पल न घालता आले. घर शेजारीच आहे, तरी चप्पल विसरण्याइतका राग मी त्यांच्यात पूर्वी पाहिला नव्हता.

"अध्यक्ष मी. आणि वरच्या पायरीवर तुम्ही?"

"सर, ते पद नाही. नुसतं काम आहे."

"मग ते काम मला द्या."

"पण तुम्हाला करायचंय का ते?"

"करायचा प्रश्न नाही," सर म्हणाले. "का हो, माझ्यावर विश्वास नाही का?"

इथे माझ्या डोक्यात तिसरं कलम वाजायला हवं होतं. वाजलं नाही. पस्तीस वर्षं मुख्याध्यापक असलेल्या माणसासमोर मेंदू आपोआप हात पाठीमागे बांधून उभा राहतो. मी सरांना प्रशासक केलं.

वकिलांना हे सकाळी दुधाच्या रांगेत कळलं. "माझी हरकत नाही," ते म्हणाले, "परंतु चिटणिसाने अध्यक्षाच्या खाली असणं आणि सदस्याच्याही खाली असणं, या दोन भिन्न गोष्टी आहेत." तो सदस्य म्हणजे मी. झाले तेही प्रशासक.

कवींना मी योगदानकर्ता केलं होतं. त्यांनी कविता लिहिली, बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं: 'तपासणीसाठी पाठवा'. कवी थेट माझ्या घरी आले. हिने दार उघडलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी.

"वहिनी, तीस वर्षं मी गाईम्हशी तपासतो," ते म्हणाले. "माझी कविता कोण तपासणार?"

"हे तपासणार?" ही माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, आणि ती ज्या सुरात म्हणाली त्यानंतर कवींना प्रशासक करण्यावाचून इलाज उरला नाही.

एक नमूद करतो. मावशींनी काही मागितलं नाही. त्या फक्त एकदा म्हणाल्या, "एवढ्या लोकांना किल्ल्या देऊ नका, काका. दाराला एक कडी पुरते, पण ती लावणारा एकच लागतो." मी हसलो. त्या निरक्षर नाहीत, पण मला त्या दिवशी तसं वाटलं. ती माझी चूक वहीत मी नंतर मांडून ठेवली आहे.

आता चार प्रशासक झाले आणि वेबसाइटवर लोकशाही आली.

सोमवारी कवींनी मुख्य पानावर वेळांच्या जागी कविता लावली. मंगळवारी सकाळी सरांनी ती काढली नाही, फक्त तिच्याखाली 'कल्पना बरी, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे, दहापैकी चार' असं लिहिलं. दुपारी वकिलांनी वेळा परत आणल्या, पण अशा: 'वाचनालय सकाळी आठ ते अकरा उघडे राहील, परंतु उघडे राहीलच असे नाही.' संध्याकाळी सरांनी 'परंतु'पासून पुढचं खोडताना मागचंही खोडलं आणि आठवून पुन्हा लिहिलं. त्यात आकडे उलटे झाले. बुधवारी पहाटे एक गृहस्थ चार पुस्तकं परत द्यायला आले, कारण वेबसाइटप्रमाणे आम्ही अकराला उघडून सकाळी आठला बंद होत होतो. झाडलोटीला लवकर आलेल्या मावशींनी पुस्तकं ठेवून घेतली आणि त्यांना चहा पाजला. बाहेरच्या जगात आमची अब्रू तेवढ्या एका चहावर टिकून होती.

बुधवारी दुपारी मी मन घट्ट केलं. वही उघडली, कार्यकारिणीचं पान काढलं, आणि तिघांना एकेक करून खाली आणलं. तिघेही योगदानकर्ते. खात्यांच्या यादीत 'वाचनालय' असंही एक नाव दिसलं. म्हटलं, ही वेबसाइट स्वतःच असणार. वाचनालयालाच वाचनालयातून कुठे उतरवायचं? ते तसंच ठेवलं.

संध्याकाळी तातडीची सभा. ठराव माझ्या निषेधाचा.

"हुकूमशाही!" कवी म्हणाले.

"मी त्यांच्या हेतूबद्दल बोलत नाही," वकील म्हणाले, "परंतु बोलायचं झालं तर बोलू शकतो."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. मला पाय जुळवून उभं राहावंसं वाटलं.

आणि मग मी ते केलं.

इथे वाचकांसाठी थोडं विषयांतर आवश्यक आहे. आपल्याकडे सार्वजनिक कामात राजीनामा ही काही जाण्याची रीत नाही. ती राहण्याची रीत आहे. माणूस राजीनामा देतो, सगळे "अहो, असं काय करता!" म्हणतात, कुणी खांद्यावर हात ठेवतं, कुणी कागद फाडतं, आणि माणूस पूर्वीपेक्षा दोन इंच उंच होऊन परत खुर्चीत बसतो. सरांनी आजवर सहा राजीनामे दिले आहेत. सहाही फाडण्याचं काम मीच केलं आहे. म्हणजे माझी एक फाड येणे बाकी होती.

मी सगळ्यांदेखत संगणकासमोर बसलो. खात्यांच्या यादीत स्वतःचं नाव शोधलं. प्रशासकाच्या जागी 'वाचक' निवडलं. "मला पदाचा मोह नाही," मी म्हणालो. पडद्यावर आलं: 'आपल्याला खात्री आहे का?'

मी मागे वळून पाहिलं. हीच ती वेळ होती. सर चष्मा पुसत होते. वकील घड्याळ बघत होते. कवी बहुधा यमक शोधत होते. कुणीही "अहो" म्हणालं नाही. माझी मान वळलेलीच राहिली आणि बोट सवयीने खाली आलं.

'बदल जतन झाला.'

एवढंच. सॉफ्टवेअरला माणसांची रीतभात नसते. "असं काय करता" नाही, विनंती नाही, चहासुद्धा नाही. ज्या बोटाने दोन हजार एकशे चाळीस पुस्तकं टंकली, त्याच बोटाने मला वाचक केलं. घरी आलो, वही माळ्यावर फेकली आणि हिला सांगितलं, "मी मुक्त झालो."

"जेवण वाढू का, की तेही सोडलंय?" ही म्हणाली.

गुरुवारी सकाळी वकिलांचा फोन. आवाजात एकही 'परंतु' नव्हता, यावरून प्रकरण गंभीर असल्याचं मी ओळखलं. "पुस्तकं गेली," ते म्हणाले.

धावत वाचनालयात गेलो. पुस्तकांच्या यादीचं पान उघडलं तर कोऱ्या पानावर एक ओळ: 'एकही नोंद सापडली नाही.' कपाटात पुस्तकं होती, वेबसाइटवर एकही नव्हतं. उद्या अकराला तपासनीस बाई.

चौकशीअंती कबुली झाली. मंगळवारी सरांना यादीत एका पुस्तकाचं नाव दोनदा दिसलं होतं. त्यांनी ते एक काढायला म्हणून चौकटीवर टिचकी मारली आणि 'काढून टाका' दाबलं. "ती चौकट सगळ्यांत वरची होती," सर म्हणाले. "मला वाटलं, वरची म्हणजे माझी." ती चौकट 'सर्व निवडा' अशी होती. सगळी यादी कचरापेटीत गेली होती. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण दोन दिवस आम्ही सगळे मुख्य पानावर भांडत होतो.

"कचरापेटीतून काढता येतं," मी म्हणालो. "तीस दिवस सगळं तिथं राहतं."

"मग काढा!"

"प्रशासकालाच काढता येतं."

"मग तुम्ही—" सर थांबले. त्यांनाही आठवलं. सर्वांना आठवलं. खोलीत एकच पंखा फिरत होता आणि तोही आता ऐकू येऊ लागला.

मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडून गोड आवाजाचा एक गृहस्थ बोलला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, आपण आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा."

"तो मीच होतो."

"आता आहात का?"

"नाही."

"मग आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा."

असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्याने लेखी अर्जाचा मार्ग सांगितला: छापील नाममुद्रेच्या कागदावर, सर्वांच्या सह्यांनिशी, कामकाजाचे सात दिवस. मग, कदाचित दया येऊन, त्याने एक वाक्य टाकलं. "सर, एक सांगू का? शेवटच्या प्रशासकाला सिस्टिम खाली उतरू देतच नाही. आपल्याला उतरू दिलं, त्या अर्थी वर आणखी कुणीतरी आहे."

"कोण?"

"सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही."

मी फोन ठेवला आणि चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. अशी नजर मी कारखान्यात फक्त वार्षिक मोजणीत पाहिली होती. सरांना वाटलं, वकिलांनी कायद्याने काही पळवाट ठेवली. वकिलांना वाटलं, कवी वरकरणीच भोळे आहेत. कवींना वाटलं, मी राजीनाम्याचं नाटक केलं. "शपथ घ्या!" कवी म्हणाले. मी घेतली. "शपथपत्र करावं लागेल," वकील म्हणाले. तेवढ्यात दारात टेपवाला आला. त्याला म्हणे एक माप दोन इंचांनी चुकलंय असं वाटत होतं.

घरी आलो तो खिन्न. पंधरा दिवसांचं काम, एका बोटाचं, आणि उद्या त्याच भिंतीवर आरसे. त्या आरशात दंडाचे गोळे बघणारी माणसं मला दिसू लागली.

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती वही आहे ना तुमची? सगळ्या जगाच्या किल्ल्या लिहिता ती. त्यात बघा की."

"त्यात काय असणार!"

"असेल," ही म्हणाली.

स्टुलावर चढलो, माळ्यावरून वही काढली, धूळ झटकली. वेबसाइटच्या नोंदींचं पहिलं पान. नोंद क्रमांक एक, माझ्याच अक्षरात: 'खाते – वाचनालय. अधिकार – प्रशासक (पहिले खाते असल्याने आपोआप). मोबाईल – मावशींचा. कारण – माझा चार्जिंगला.'

मी स्टुलावर तसाच उभा राहिलो. एकतीस वर्षं लोकांनी त्या वहीची चेष्टा केली. साहेब म्हणायचे, हा माणूस देवाघरी जाताना दाराशी सही घेईल. आज त्या वहीने मला सांगितलं होतं की आमच्या वेबसाइटची मुख्य किल्ली पहिल्या दिवसापासून फडकं हातात घेऊन फिरत होती. मी हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ही भाजी तशीच टाकून हसत सुटली.

मावशींचा फोन बंद. त्या काम आटोपलं की फोन बंद करतात. म्हणजे शुक्रवारच्या सकाळपर्यंत थांबणं आलं.

आठ वाजता आम्ही चौघे जिन्यात हजर. दार उघडं होतं आणि मावशी फरशी पुसत होत्या.

"मावशी!" सर आत पाऊल टाकणार, तोच मावशींनी फडकं वर केलं.

"ओली आहे. वाळेपर्यंत कुणी यायचं नाही."

"अहो, महत्त्वाचं काम आहे!"

"काल पण महत्त्वाचं होतं. पावलांचे ठसे कुणी पुसले?"

सर मागे आले. अध्यक्ष, चिटणीस, सदस्य आणि वाचक असे चौघे आम्ही उंबरठ्याबाहेर रांगेत उभे राहिलो. कोणाला कुठवर येऊ द्यायचं हे ठरवायला त्या बाईला सॉफ्टवेअर लागत नव्हतं. मी बाहेरूनच सगळी हकीकत सांगितली.

"म्हणजे त्या दिवशीचा आकडा," मावशी म्हणाल्या. "दर सोमवारी मला मेसेज येतो, 'आपली वेबसाइट व्यवस्थित आहे' म्हणून. मी म्हटलं, बरं आहे."

"आता पुन्हा एक आकडा येईल," मी म्हणालो. "तेवढा सांगा, म्हणजे मी—"

"नाही सांगणार."

"का?"

"आकडा कुणाला सांगायचा नाही. बँकेची बाई रोज फोनवर सांगते. अगदी आपल्या माणसाने विचारला तरी नाही."

"अहो, पण मी तर..." मी म्हणालो. आणि माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं. "माझ्यावर विश्वास नाही का?"

मावशी माझ्याकडे बघून हसल्या. "तुम्हीच सांगायचात ना काका, असं विचारणाऱ्याला किल्ली देऊ नये?"

नियम माझाच होता आणि तो बरोबर होता.

सव्वानऊला फरशी वाळली. मावशींनी हात पुसले, खुर्ची ओढली आणि स्वतः संगणकासमोर बसल्या. आकडा आला, त्यांनी पडदा आम्हाला दिसणार नाही अशी पाठ आमच्याकडे करून तो टाकला. मी सांगत गेलो, त्या दाबत गेल्या. कचरापेटी. सर्व निवडा. "हीच का ती सरांची चौकट?" त्यांनी विचारलं. सर खिडकीबाहेर बघू लागले. मग 'परत आणा'. पडद्यावर एक चाक फिरलं, बराच वेळ फिरलं, कवींनी डोळे मिटले, आणि आकडा आला: दोन हजार एकशे चाळीस नोंदी परत आल्या.

मी जाहीरपणे टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी नाही, त्या बोटासाठी.

मग मावशींनी खात्यांची यादी उघडली. "आता हे नीट करू. पुन्हा माझ्या फरशीवर भांडण नको. सर, तुम्हाला इथं काय काम करायचंय?"

"अध्यक्ष म्हणून—"

"काम विचारलं."

सर विचारात पडले. प्रामाणिक माणूस आहे, शेवटी म्हणाले, "खरं सांगायचं तर काहीच नाही. पण नाव दिसायला हवं."

"मग मुख्य पानावर सगळ्यांत वर तुमचा फोटो लावू. मोठा. पण किल्ली नको."

सर खुलले. "कोटातला आहे एक," ते म्हणाले.

वकिलांना नियमांचं पान दिलं. तिथे त्यांनी हवे तितके 'परंतु' पेरावेत, लिहिलेलं आधी तपासायला येईल. कवींना लेखक केलं: कवितेचं स्वतंत्र पान, प्रसिद्ध करायचा हक्क त्यांचा, मुख्य पानाला हात लावायचा नाही. मला तेव्हा कळलं की एकतीस वर्षं मी जे करत होतो ते या बाईने वीस मिनिटांत केलं होतं. मान पानावर द्यायचा, किल्ली कामापुरती. मी प्रत्येक नोंद वहीत घेतली आणि चौघांच्याही सह्या घेतल्या. मावशींनी ठसठशीत अक्षरात सही केली.

"आणि हे कोण इतकं खाली पडलंय, 'वाचक' म्हणून?" मावशींनी विचारलं.

"मी."

"तुम्ही? सगळी पुस्तकं तुम्हीच घातलीत ना?"

"राजीनामा दिला."

"कुणाला?"

मी संगणकाकडे बोट दाखवलं.

मावशींनी माझ्या नावासमोर 'प्रशासक' निवडलं आणि दाबण्याआधी बोट थांबवलं. "एक अट आहे. पुन्हा राजीनामा द्यावासा वाटला तर आधी मला सांगायचं."

"मग तुम्ही काय करणार?"

"मी नाही म्हणेन."

वकिलांनी रुमाल काढला. त्यांना सर्दी झाली असावी.

अकराला तपासनीस बाई आल्या. चष्मा, फाइल, पाण्याला नकार. वेळा पाहिल्या: सकाळी आठ ते अकरा, सरळ. यादीतून त्यांनी मधलंच एक पुस्तक निवडलं, कपाट सहा, खण तीन. मी डोळे मिटून हात घातला आणि तेच बाहेर आलं. कार्यकारिणीच्या पानावर सर कोटात होते. मग त्यांनी ठेवणीतला प्रश्न विचारला. "या वेबसाइटवर बदल करण्याचा अधिकार नेमका कोणाकोणाला आहे? तसं लेखी काही?"

मी निळी वही पुढे केली.

बाईंनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. 'कारण – माझा चार्जिंगला' इथे त्या थांबल्या, ओठ घट्ट मिटले, आणि पुढे गेल्या. तिसऱ्या पानावर सह्या, तारीख, वेळ, कोणाला काय आणि का.

"अकरा वाचनालयं पाहिली," त्या म्हणाल्या. "नऊ ठिकाणी विचारलं, तर म्हणाले, 'सगळ्यांनाच सगळे अधिकार आहेत, आमच्यात विश्वास आहे.' त्यातल्या चार ठिकाणी वेबसाइटच उघडत नव्हती. या पानांची एक प्रत मिळेल का? सगळ्यांना नमुना म्हणून पाठवते."

मान्यता कायम झाली. नमुन्यावर खाली छोट्या अक्षरांत 'मूळ कल्पना' म्हणून दोघांचा उल्लेख आला. एक मी आणि एक मावशी. टेपवाल्याने वर येऊन अभिनंदन केलं आणि त्याच दमात वाचक म्हणून खातंही मागितलं. मावशींनी दिलं. पायांची माती झटकून यायच्या अटीवर.

या गोष्टीला आता सहा महिने झाले. मागच्या आठवड्यात मुख्य पानाच्या रंगावरून सरांचं आणि माझं वाजलं. मी ताठ मानेने मावशींकडे गेलो. त्या जिना पुसत होत्या.

"मावशी, मी राजीनामा देतोय."

"नाही," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आणि त्या पायरीवरून उतरा. ओली आहे."

मी उतरलो. पूर्वीपेक्षा दोन इंच उंच होऊन उतरलो.